समुपदेशक: ओसरीवर वाढलेला व्यवसाय

नाशिकच्या शैक्षणिक वैभवाची गोष्ट निघाली की दोन विद्यापीठांची नावे हमखास घेतली जातात: १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. राज्यभरातील डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्या परीक्षा ह्या दुसऱ्या विद्यापीठाकडून, म्हणजे नाशिकहून, घेतल्या जातात. शहरातील कला व विज्ञान महाविद्यालये मात्र पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. आता प्रश्न असा की, खचलेल्या माणसासमोर बसून त्याचे ऐकणारा, त्याला वाट शोधण्यास मदत करणारा जो समुपदेशक, तो ह्यांपैकी कोणत्या छपराखाली तयार होतो? बहुधा तो मानसशास्त्राचा किंवा समाजकार्याचा पदवीधर असतो. त्याचे शिक्षण डॉक्टरांपासून दूर, निराळ्याच विद्याशाखेत झालेले असते, आणि काम मात्र रुग्णालयात, न्यायालयात, पोलीस ठाण्याच्या आवारात अथवा शाळेत असते. आरोग्याच्या घरात तो वावरतो. परंतु त्या घराच्या शिधापत्रिकेवर त्याचे नाव परवापरवापर्यंत नव्हते. हे असे का झाले, ह्याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखात आमचा प्रयत्न आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्रजी अमदानीत मनाच्या आजाराचा विचार झाला तो प्रामुख्याने बंदोबस्ताच्या अंगाने. नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि येरवडा येथे मनोरुग्णालये उभी राहिली. त्या वेळचे त्यांचे नाव अर्थातच ‘वेड्यांचे इस्पितळ’ असे होते. १९१२ च्या कायद्याने दंडाधिकाऱ्याच्या आदेशावरून माणसाला तेथे दाखल करण्याची सोय केली. नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला असे प्रादेशिक रुग्णालय आले नाही. येथल्या कुटुंबांपुढे दोनच टोके होती. आजार हाताबाहेर गेला तर घाट उतरून किंवा पुण्याच्या वाटेने रुग्णाला दूर नेऊन ठेवायचे, आणि तसा नसेल तर तो आजारच नव्हे असे समजायचे. ह्या दोन टोकांच्या मधला जो प्रचंड प्रदेश – झोप न येणे, जिवाला घोर लागणे, लग्न मोडकळीस येणे, परीक्षेच्या धास्तीने पोटात गोळा उठणे – त्याची दखल घेणारे कोणतेही सरकारी दार नव्हते.

म्हणून लोक तेथे जात नव्हते असे मात्र नाही. त्यांची दारे वेगळी होती. त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळीसाठी येणाऱ्या यजमानाच्या मनात अनेकदा एखादे जुने दुःख किंवा अपराधभाव असतो. घरातल्या अकाली मृत्यूचे ओझे विधीच्या रूपाने कुठेतरी उतरवून ठेवावे, अशी त्याची इच्छा असते. सप्तशृंगीच्या गडावर अंगात येणाऱ्या बाईला एरवी घरात न मिळणारे बोलणे त्या घटकेपुरते मिळते. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर भगत असतो. ह्या साऱ्याकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. दुःख सांगण्यास जागा, वेळ आणि ऐकणारा माणूस लागतो, ही गरज त्यातून दिसते. त्याचबरोबर ही जागा फसवणुकीला व अघोरी उपचारांना किती सहज मोकळी सापडते हेही विसरता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली, महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो त्याच कारणाने. पण कायदा भोंदूला हटवू शकतो. भोंदूकडे जाणाऱ्याचे ऐकून घेण्यास कोणाला बसवावे, हे त्याला ठरवता येत नाही.

मराठीत ह्या रिकाम्या जागेवर पहिले पाऊल टाकणाऱ्यांत आम्ही र. धों. कर्व्यांचे नाव घेऊ. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. ह्या मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते उत्तरे देत. घरात, मित्रांत, वैद्याकडेही जे विचारता येत नव्हते ते लोक त्यांना पत्राने विचारीत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरीही कर्व्यांना दंड झाला. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, त्यांना समुपदेशक म्हणणे काळाच्या दृष्टीने चुकीचे ठरेल. तथापि विचारणाऱ्याची लाज न काढणे, त्याला पापी न ठरविणे, माहिती देऊन निर्णय त्याच्यावर सोपविणे ही पुढे ह्या व्यवसायाची म्हणून जी मूल्ये मानली गेली, ती त्या उत्तरांत आढळतात. आणि लोकांच्या गुपितांना उत्तर देणाऱ्यामागे कोणतीही व्यावसायिक संस्था उभी नसेल तर त्याचे काय होते, हेही त्या खटल्यात दिसते.

त्याच सुमारास मुंबईत दुसरा धागा सुरू झाला. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय – आजची टाटा समाजविज्ञान संस्था – निघाले आणि लगेच १९३७ मध्ये तेथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. मुलाच्या हट्टाचे वा अबोलेपणाचे मूळ त्याच्या घरात शोधावे, ही दृष्टी त्या केंद्राने आणली. तिसरा धागा व्यवसाय मार्गदर्शनाचा. अमेरिकेत ह्या शास्त्राचा आरंभच तेथून झाला. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स ह्यांनी बोस्टनमध्ये तरुणांना कामधंद्याची निवड करण्यास मदत करणारी कचेरी उघडली. आपल्याकडे १९५० मध्ये मुंबई सरकारने व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी स्थापन केली. ‘मुलाला कोणत्या शाखेला घालू?’ हा मराठी मध्यमवर्गीय पालकाचा आद्य प्रश्न. ह्या प्रश्नाच्या आडोशाने पुष्कळ घरांत पहिल्यांदा मानसशास्त्रज्ञ शिरला.

दरम्यान कार्ल रॉजर्स ह्यांच्या १९४२ च्या पुस्तकाने समुपदेशनाला स्वतःचा पाया दिला होता. सल्ला देणे हे समुपदेशकाचे काम नव्हे, समोरच्याला निर्भयपणे स्वतःचे ऐकता येईल असे नाते निर्माण करणे हे काम होय, असा त्याचा थोडक्यात आशय. मराठी समाजाला हे पचणे सोपे नव्हते. आपल्याकडे वडीलधारा माणूस सल्लाच देतो, आणि न देणारा कामचुकार ठरतो! अल्बर्ट एलिस ह्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात अधिक रुजली, ह्याचे एक कारण आम्हांस येथे दिसते. त्या पद्धतीत वाद आहे, तर्क आहे, गृहपाठ आहे. आगरकरांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ती ओळखीची वाटली असावी. मुंबईचे किशोर फडके ह्यांनी एलिस ह्यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती येथे आणली आणि शिकविली.

१९८० नंतरचा काळ मात्र निर्णायक ठरला. १९८४ साली दोन गोष्टी घडल्या. कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला आणि त्याच्या सहाव्या कलमाने न्यायालयात समुपदेशक असावा असे म्हटले. त्याच वर्षी टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. हे प्रारूप पुढे राज्याने स्वीकारून जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. १९८६ च्या २९ ऑगस्टला डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या साहाय्याने, पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच पुढे समुपदेशक होऊ शकतो, हे तेथे सिद्ध झाले. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली; तिचे काम पुढे पुणे-नाशिकपर्यंत पोहोचले. आणि नव्वदीच्या उत्तरार्धात एड्स नियंत्रण कार्यक्रमातून तपासणी केंद्रांवर समुपदेशक नेमले गेले. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावलेले टेबल सामान्य माणसाने सरकारी रुग्णालयात पाहिले ते बहुधा ह्याच केंद्रांत. तपासणीपूर्वी बोलणे, संमती घेणे, निकाल गुप्त ठेवणे, निकालानंतर पुन्हा बोलणे ही शिस्त सरकारी यंत्रणेला त्या टेबलाने शिकविली.

ह्या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. समुपदेशकाला बोलावले ते दुसऱ्या कोणीतरी आणि त्यांच्या कामासाठी. न्यायालयाला तडजोड हवी होती, पोलिसांना घरगुती भांडणांतून सुटका, आरोग्य खात्याला साथ आटोक्यात आणायची होती, शाळेला निकाल. जुन्या नाशिकातल्या वाड्यांत आल्यागेल्याला ओसरी असे. तेथे बसता येई, पाणी मिळे, पण माजघरात प्रवेश नसे. हा व्यवसाय असाच निरनिराळ्या वाड्यांच्या ओसरीवर वाढला, आणि त्याचे परिणाम आजही भोगतो आहे.

पहिला परिणाम निष्ठेचा. समुपदेशक कोणाचा – समोर बसलेल्या माणसाचा की त्याला बोलावणाऱ्या संस्थेचा? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतो. मार खाऊन आलेल्या बाईला ‘संसार सांभाळून घ्या’ असे समजावणे हे समुपदेशन नव्हे, हे सांगण्यासाठी ह्या क्षेत्रातील अनेक स्त्रियांना वर्षानुवर्षे झगडावे लागले आहे. संस्थेला समझोत्यांचा आकडा हवा असतो, बाईला सुरक्षितता. अशा वेळी ज्याची नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराची आहे तो समुपदेशक किती ठामपणे उभा राहील? कंत्राटी नेमणुकीचा प्रश्न केवळ पगाराचा नाही. तो गोपनीयतेचा आणि सचोटीचाही आहे. शिवाय ज्या माणसाशी सहा महिने बोलून विश्वास निर्माण करायचा, त्याच्यासमोरचा चेहराच करार संपल्यावर बदलणार असेल, तर ते काम मुळापासून पुन्हा करावे लागते.

दुसरा परिणाम ओळखीचा. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या कायद्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी सुरू झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ मध्ये अमलात आला, रुग्णाला उपचारांचा हक्क दिला, त्याच्या माहितीची गोपनीयता राखण्याचे बंधन घातले. परंतु ह्या कायद्याच्या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ता, परिचारिका आणि आयुष व्यवस्थेतील संबंधित पदव्युत्तर तज्ज्ञ आहेत, समुपदेशक नाही. म्हणजे सर्वांत अधिक लोकांना प्रथम भेटणारा माणूस व्याख्येबाहेर राहिला. त्याचा लाभ कोणी घेतला? आठवड्याच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून दुकान थाटणाऱ्यांनी. आणि तोटा कोणाचा? दोन वर्षे पदव्युत्तर अभ्यास, पुढे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली उमेदवारी करून आलेल्यांचा, आणि त्याहून अधिक, ह्या दोघांतला फरक ओळखण्याचे कोणतेही साधन हाती नसलेल्या ग्राहकाचा.

ही अवस्था आपल्याकडेच होती असे नाही. अमेरिकेत समुपदेशकाला परवाना देणारे पहिले राज्य व्हर्जिनिया, साल १९७६. शेवटचे कॅलिफोर्निया, साल २००९. एका देशात तेहतीस वर्षे लागली. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने हा प्रवास सुरू झाला आहे. त्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्यविषयक व्यवसायांचा स्वतंत्र गट असून त्यात मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, एचआयव्ही व कुटुंबनियोजन समुपदेशक, मानसिक आरोग्य साहाय्यक अशांची नावे आहेत. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यास किमान ३,६०० तासांच्या पदवी-शिक्षणाची अट त्यात आहे. ओसरीवरच्या माणसाला माजघरात घेणारा हा कायदा आहे, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि माजघराचा उंबरठा किती उंच ठेवायचा, हा प्रश्न उरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ह्याच कायद्याचा आधार घेऊन मानसशास्त्रासह आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकविण्यास त्या शैक्षणिक सत्रापासून मनाई केली. माणसासमोर बसण्याची विद्या पडद्यावर पुरी शिकता येत नाही, हे खरेच. पण ज्या शहरात मुक्त विद्यापीठ आहे त्या शहराने ह्या निर्णयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कळवणची एखादी आशा कार्यकर्ती, येवल्याची शिक्षिका, नोकरी सांभाळून दूरस्थ शिक्षणानेच पुढे जात असे. तिचे दार बंद होताना जवळपास प्रत्यक्ष शिक्षणाचे दार उघडले नाही, तर हा व्यवसाय शहरातल्या, नियमित महाविद्यालय परवडणाऱ्या वर्गापुरता उरेल. मग समुपदेशक येईल तो गंगापूर रोडवर. सुरगाण्याला भगतच राहील.

ह्या बाबतीत शेजारच्या गोव्याचा दाखला आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तेथील ‘संगत’ ह्या संस्थेने डॉ. विक्रम पटेल ह्यांच्या मार्गदर्शनाखाली स्थानिक, बिगरतज्ज्ञ माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, सरकारी केंद्रांतील नैराश्य व चिंतेच्या रुग्णांना अशा समुपदेशकांच्या मदतीने अधिक प्रमाणात बरे वाटल्याचे दिसले. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. पुढे नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकींची पद्धत त्यांनी तयार केली, तीही उपयुक्त ठरली. ह्याचा अर्थ शिक्षणाची गरज नाही असा कोणी काढू नये. ह्या माणसांना आखीव पद्धत शिकविलेली होती, त्यांच्या कामावर सातत्याने देखरेख होती, आणि अवघड रुग्ण कोठे पाठवावा हे ठरलेले होते. ‘मुक्तांगण’च्या समुपदेशकांचेही बळ स्वानुभवासोबत संस्थेच्या शिस्तीत होते. म्हणून पदवीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व देखरेखीला आहे असे आमचे मत आहे. इतरांची दुःखे रोज ऐकणाऱ्याला स्वतःचे काम कोणापुढे तरी उलगडून दाखवावे लागते; नाही तर तो बधिर होतो किंवा मोडतो. आपल्याकडील बहुतेक नेमणुकांच्या आदेशांत ह्या गोष्टीला जागाच नसते.

आणि काम तर वाढत चालले आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. २०२२ मध्ये देशात नोंदलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या. कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला तो विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांसाठी. नाशिक त्यात नव्हते. परंतु अवकाळी गारपिटीने बाग झोडपली गेलेला निफाडचा द्राक्ष बागायतदार, किंवा लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव कोसळलेला पाहणारा शेतकरी यांचे कर्ज आणि रात्रीची तळमळ जिल्ह्याची सीमा ओळखत नाही. बागायती जिल्हा म्हणजे सुखी जिल्हा, ही समजूत येथे आड येते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असे सांगितले. शिकवणी वर्गही त्यातून सुटलेले नाहीत. कॉलेज रोडवरच्या वर्गांनाच हा नियम लावायचा म्हटला तरी एवढी पात्र माणसे आणायची कोठून? येथे घाई झाली तर क्रीडाशिक्षकाच्या नावापुढे ‘समुपदेशक’ असा शिक्का मारून कागद पुरा केला जाईल, ही भीती अनाठायी नाही.

शेवटचा मुद्दा भाषेचा. आणि साहित्याच्या वाचकांना तो जवळचा वाटावा. ह्या व्यवसायाचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून होते, आणि मराठीत आलेली परिभाषा संस्कृताच्या वजनाखाली वाकलेली आहे. ‘नैराश्य’ हा शब्द वर्तमानपत्राने रुजविला. पण सटाण्याची बाई ‘नैराश्य आले’ म्हणत नाही. तिला करमत नाही, तिचे मन लागत नाही, डोके जड होते, जीव खालीवर होतो. नाशिक जिल्ह्यात बागलाणाकडे अहिराणी आहे, मालेगावात उर्दू, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात कोकणा आणि वारली बोली. ह्या बोलींत दुःखाची नावे काय आहेत, लाज कशाची वाटते, कोणती गोष्ट सासूसमोर बोलता येते आणि कोणती येत नाही, ह्याची नोंद करणारे पुस्तक कोणत्याही अभ्यासक्रमात लावलेले आम्हांस ठाऊक नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची सेवा मराठीसह अनेक भाषांत मिळते, ही चांगलीच गोष्ट, पण दूरध्वनीच्या टोकाला बसलेल्या माणसाला ती बाई कोणत्या शब्दांत रडते आहे हे कळले पाहिजे.

व्यवसायाची वाढ म्हणजे परिषद, नोंदवही आणि नावापुढची अक्षरे एवढीच असती तर हा इतिहास २०२१ मध्ये सुफळ संपूर्ण झाला असता. आमच्या मते ती मोजण्याची कसोटी निराळी आहे. समुपदेशकाला नोकरी देणाऱ्या संस्थेविरुद्ध, समोर बसलेल्या माणसाच्या बाजूने ‘नाही’ म्हणता येते काय? त्याच्या कामावर देखरेख करणारे कोणी आहे काय? आणि पेठ-सुरगाण्याची मुलगी हे शिक्षण आपल्या गावापासून फार दूर न जाता घेऊ शकते काय? आरोग्य विज्ञान विद्यापीठ, मुक्त विद्यापीठ आणि मानसशास्त्र-समाजकार्याची महाविद्यालये एकाच शहरात असल्यामुळे ह्या प्रश्नांची उत्तरे एकत्र बसून शोधण्याची सोय नाशिकइतकी फार थोड्या ठिकाणी आहे. मुक्त विद्यापीठाकडे गावागावांतील विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याचा अनुभव आहे, आरोग्य विद्यापीठाकडे रुग्णालयांचे जाळे, महाविद्यालयांकडे विषय शिकविणारे अध्यापक. प्रत्यक्ष उमेदवारी तालुक्याच्या रुग्णालयात, अभ्यास जवळच्या महाविद्यालयात आणि देखरेख जिल्ह्याच्या ठिकाणाहून, अशी योजना आखण्यास नवा कायदा आडवा येत नाही. ती आखण्याची निकड कोणाला वाटते, एवढेच पाहावयाचे आहे.